गाडीतील ॲम्प्लिफायर वारंवार बंद पडत असल्यास: लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कोठे थांबावे

गाडीतील ॲम्प्लिफायर चालता चालता बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो, ही तक्रार नागपुरात एप्रिल ते जून या काळात सर्वाधिक येते. मात्र वर्षाचा एकही महिना तिच्याविना जात नाही. हाच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की अशा बहुतेक गाड्यांत ॲम्प्लिफायर निर्दोष असतो. तापमान, व्होल्टेज किंवा प्रवाह यांपैकी काहीतरी मर्यादेबाहेर गेल्यामुळे तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, आणि ते कारण जागेवरच राहिले तर नवा, अधिक महागडा ॲम्प्लिफायर बसवूनही चार दिवसांत तोच अनुभव येतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी कारण शोधावे.

लक्षणे

बंद पडण्याची तऱ्हा प्रत्येक गाडीत सारखी नसते, आणि दोष कोठे आहे हे बरेचसे त्या तऱ्हेवरूनच कळते.

- वीस-पंचवीस मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ उत्तम वाजतो, मग बंद पडतो. बॉडीवर हात ठेववत नाही. गाडी सावलीत उभी राहिल्यावर काही वेळाने आपोआप सुरू होतो. येथे उष्णतेचा संशय घ्यावा.
- बासच्या ठोक्यासरशी आवाज तुटतो व लगेच परत येतो, रात्री त्याच क्षणी हेडलाइट मंदावतात. येथे व्होल्टेज अपुरे पडत आहे.
- सुरू करताच किंवा आवाज वाढवताच लाल दिवा लागतो आणि स्टिरिओ बंद करून पुन्हा लावल्याशिवाय जात नाही. येथे स्पीकरच्या वायरीत शॉर्ट असतो किंवा स्पीकरची जोडणी चुकलेली असते.
- गतिरोधकावर, खड्ड्यात किंवा डिकी आपटल्यावर बंद पडतो. कोठेतरी जोड सैल आहे.
- रेडिओ ऐकताना चालतो, यूएसबी किंवा ब्लूटूथ लावले की बंद. दोष रिमोट वायरीत, म्हणजे ॲम्प्लिफायरला सुरू होण्याचा इशारा देणाऱ्या बारीक वायरीत आहे.

एकाच गाडीत यांपैकी दोन लक्षणे एकत्र आढळू शकतात. सैल अर्थिंगमुळे (ॲम्प्लिफायरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या जोडामुळे) व्होल्टेज पडते, आणि व्होल्टेज पडले की अनेक ॲम्प्लिफायर तीच ताकद देण्यासाठी जास्त प्रवाह ओढून अधिक तापतात, त्यामुळे वरवर पाहता दोष उष्णतेचा वाटतो.

आधी दिवा पाहावा

पहिल्या तपासणीला खर्च शून्य आहे. ॲम्प्लिफायर बंद पडेल त्या वेळी शेजारी बसलेल्या व्यक्तीने त्यावरील दिवा पाहावा. दिवा पूर्णपणे विझत असेल तर मुख्य पुरवठा, अर्थिंग किंवा रिमोट वायर यांपैकी काहीतरी तुटत आहे. दिवा हिरव्याचा लाल होत असेल, किंवा ‘प्रोटेक्ट’ असे लिहिलेला वेगळा दिवा लागत असेल, तर पुरवठा पोहोचत आहे आणि ॲम्प्लिफायरने स्वतःहून काम थांबवले आहे. या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो, तरी तेच वगळून थेट सीट उचकटण्याची घाई बहुतेक जण करतात.

हवा, धूळ आणि नागपूरचा मे महिना

ॲम्प्लिफायरमधील तापमानाचे कटआउट साधारणपणे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची बॉडी) ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की काम थांबवते. नागपुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतले तापमान सहज ६० अंश ओलांडते. म्हणजे नवतपातल्या (मे अखेरच्या नऊ अतिउष्ण दिवसांतल्या) दुपारी गाडी उघडून गाणे लावले, तर ॲम्प्लिफायरला तापायला जेमतेम वीस-तीस अंशांची जागा शिल्लक असते. डिसेंबरच्या सकाळी त्याच गाडीत ही जागा सत्तर अंशांची असते. त्यामुळे हिवाळ्यात वर्धा रोडवर तासन्‌तास वाजलेली सिस्टीम उन्हाळ्यात बुटीबोरी येण्याआधी बंद पडली, तर लगेच ॲम्प्लिफायर खराब झाल्याचा निष्कर्ष काढू नये.

प्रथम तो कोठे बसवला आहे ते पाहावे. गालिच्याखाली दाबलेला, सामानाखाली झाकलेला किंवा वूफरच्या पेटीला चिकटवून बसवलेला ॲम्प्लिफायर उष्णता बाहेर टाकू शकत नाही, आणि पेटीवर असेल तर सततच्या कंपनाने आतले सोल्डर सुटण्याचीही भीती असते. सर्व बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. पंखा असलेल्या मॉडेलमध्ये पंखा फिरतो का ते कान लावून ऐकावे आणि जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. दुपारी गाडी घेतल्यावर आधी काचा खाली करून व एसी चालवून आतली गरम हवा जाऊ द्यावी आणि त्यानंतरच आवाज वाढवावा. सीटखाली बसणाऱ्या लहान ॲम्प्लिफायरला एसीची हवा पायांकडे वळवल्याने खरोखर फरक पडतो.

या उपायांनी तक्रार थांबली तर पुढे जाण्याची गरज नाही. थांबली नाही, किंवा ॲम्प्लिफायर कोमट असतानाच बंद पडत असेल, तर उष्णता हे मूळ कारण नाही.

गेन आणि बास बूस्ट

ॲम्प्लिफायरवरील गेनचा स्क्रू आवाज वाढवण्यासाठी असतो, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे हे ॲम्प्लिफायरला सांगणे, एवढेच गेनचे काम. तो गरजेपेक्षा जास्त ठेवला की सिग्नलची टोके कापली जातात, सरासरी ताकद वाढते आणि ॲम्प्लिफायर व वूफरची कॉइल दोन्ही तापतात. बास बूस्टचेही (खालचे सूर वाढवणाऱ्या बटणाचेही) तसेच आहे: ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यातल्या सुरांसाठी चौपट ताकदीची मागणी.

बास बूस्ट शून्यावर आणावा. गेन अगदी कमी करावा, स्टिरिओचा आवाज पूर्ण आवाजाच्या तीन चतुर्थांशावर ठेवावा, आणि ओळखीचे, स्वच्छ ध्वनिमुद्रण असलेले गाणे लावून गेन हळूहळू वाढवावा. आवाज फाटू लागला की थोडा मागे घ्यावा आणि तेथेच सोडावा. मल्टिमीटर असल्यास हे काम अधिक अचूक होते: स्पीकरच्या वायरी काढून, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून, ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजावे. वॉट (ताकद) आणि ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे अपेक्षित व्होल्टेज. ४ ओहमला १०० वॉट देणाऱ्या चॅनेलसाठी ते २० व्होल्ट येते, ३०० वॉटसाठी साडेचौतीसच्या आसपास. त्यापुढे गेन नेऊ नये.

अर्थिंग

माझ्याकडे आलेल्या गाड्यांत सर्वाधिक दोष अर्थिंगचा निघाला आहे, म्हणून या तपासणीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. लाल वायरीतून जेवढा प्रवाह ॲम्प्लिफायरकडे जातो, तेवढाच काळ्या वायरीतून परत यावा लागतो. लाल वायर जाड, चकचकीत आणि फ्यूज लावलेली असते. काळी मात्र हाताला लागेल त्या स्क्रूखाली दाबून मोकळे होण्याची प्रवृत्ती दिसते.

मानेवाडा भागातून आलेल्या एका हॅचबॅक गाडीचे उदाहरण सांगतो. बासच्या प्रत्येक ठोक्याला आवाज तुटत होता आणि गाडीत त्याआधीच एकदा ॲम्प्लिफायर बदलून झालेला होता. डिकीतला गालिचा उचलल्यावर अर्थिंगचा बोल्ट घट्टच होता, पाना लावला तरी हलत नव्हता. तो उघडला तेव्हा लगखालचा (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याखालचा) पांढरा रंग जसाच्या तसा होता. लगचा पत्र्याशी स्पर्श केवळ बोल्टच्या आट्यांमधून होत होता आणि ते आटे तपकिरी पडले होते. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून गंज लागू नये म्हणून रंगाचा हात दिला, आणि तक्रार मिटली. ॲम्प्लिफायर बदलण्यावर झालेला खर्च म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अर्थिंगची वायर लाल वायरीइतकीच जाड असावी आणि तिची लांबी शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत असावी. ती गाडीच्या मूळ पत्र्याला जोडावी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नये, कारण त्या बोल्टवर माणसाचा जीव अवलंबून असतो आणि त्याखाली लग घातल्याने त्याची पकड बदलते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असू शकतो. अशा गाडीत अर्थिंग थेट त्या टर्मिनलवर न घेता चेसिसवरच (गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर) घ्यावे, अन्यथा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर अर्थिंग तपासणे निरुपयोगी आहे, कारण मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि त्यात ०.१ ओहमचा फरक दिसूनही येत नाही. प्रत्यक्षात ५० अँपिअर वाहत असताना तेवढाच ०.१ ओहम ५ व्होल्ट खाऊन टाकतो. योग्य पद्धत अशी: मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर जोडून) आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या ग्राउंड टर्मिनलला लावावे, आणि जोरदार बास असलेले गाणे वाजवावे. ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसले तर अर्थिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर दोष सापडला. साधा मीटर हळू असल्यामुळे क्षणिक पडझड तो पूर्ण दाखवत नाही. आकडा दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्ष स्थिती वाईट असते, हे लक्षात ठेवावे.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांकडे येथे विशेष लक्ष द्यावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि शहरातल्या अनेक गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून स्वच्छ दिसत असली, तरी गालिच्याखालच्या जोडांवर हिरवा-पांढरा थर पुढे अनेक महिने वाढत राहतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर गालिचा उचलून पाहणे अगत्याचे आहे.

फ्यूज, मुख्य वायर आणि रिमोट

यापुढे मुख्य (लाल) वायरीला हात लावायचा असल्याने आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. पाना लाल टर्मिनलवरून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

बॅटरीजवळचा फ्यूज ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. काचेच्या नळीच्या फ्यूजचे स्वस्त होल्डर नागपूरच्या उन्हात बोनेटखाली ढिले पडतात. फ्यूज शाबूत असतो, पण टोके काळवंडलेली आणि प्लास्टिक तपकिरी झालेले असते. असा होल्डर बदलून पट्टीच्या आकाराच्या, बोल्टने आवळता येणाऱ्या फ्यूजचा होल्डर बसवावा. फ्यूज वायरीच्या संरक्षणासाठी असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज, चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय.

वायर कोणत्या धातूची आहे तेही पाहावे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ब्लेडने एक तार खरवडली की आत पांढरा धातू दिसतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. हिशेब असा की शुद्ध तांब्याची ८ गेजची ५ मीटर वायर ५० अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट खाते, ४ गेजची ०.२ व्होल्ट, आणि मुलाम्याची ८ गेजची वायर तितक्याच लांबीत पाऊण व्होल्टहून अधिक. वरून ‘४ गेज’ दिसणाऱ्या काही वायरींत जाडी प्लास्टिकचीच असते, म्हणून टोक सोलून तारा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. उंदरांनी कुरतडलेली जागा शोधायची असेल तर बोनेटखालच्या रबरी ग्रोमेटपासून पायदानापर्यंतचा भाग आधी पाहावा.

रिमोट वायर बारीक असते आणि ॲम्प्लिफायरला सुरू होण्याचा इशारा देते. बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंत निळी-पांढरी वायर ॲम्प्लिफायरसाठी आणि पूर्ण निळी वायर अँटेनासाठी असते. अँटेनाची वायर अनेक स्टिरिओंत फक्त रेडिओ लावल्यावरच १२ व्होल्ट देते, म्हणून गाण्याचा स्रोत बदलला की ॲम्प्लिफायर झोपतो. बॅटरी परत जोडून मीटरने ॲम्प्लिफायरच्या रिमोट टर्मिनलवर व्होल्टेज पाहत स्रोत बदलावा. व्होल्टेज नाहीसे झाले तर उत्तर मिळाले.

स्पीकर आणि ओहम

लाल दिवा लागत असेल तर स्टिरिओ बंद करून स्पीकरच्या सर्व वायरी व आरसीए केबल (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी) काढाव्यात, फक्त मुख्य पुरवठा, अर्थिंग आणि रिमोट ठेवावे आणि पुन्हा सुरू करावे. तरीही लाल दिवा लागला आणि पुरवठ्याचे व्होल्टेज योग्य असेल, तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. दिवा हिरवा राहिला तर बंद करून एकेक स्पीकर जोडत जावे. ज्या जोडणीला दिवा लाल होईल तीच दोषी.

काढलेल्या प्रत्येक स्पीकर वायरीचे दोन्ही धागे चेसिसच्या संदर्भात तपासावेत. मीटरने संपर्क दाखवता कामा नये. दरवाजाच्या सांध्यात घासून उघडी पडलेली वायर काच वरखाली करताना किंवा दरवाजा उघडतानाच पत्र्याला लागते, म्हणून ही तपासणी दरवाजा हलवत करावी.

मग ओहम मोजावेत. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.७ च्या दरम्यान दिसतो. ४ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि तोच भार दोन चॅनेल ब्रिज करून (एकत्र जोडून एकच आउटपुट करून) दिला तर प्रत्येक चॅनेलला १ ओहमच जाणवतो. अनेक ॲम्प्लिफायरांवर ‘ब्रिज किमान ४ ओहम’ असे स्पष्ट छापलेले असते. अशी जोडणी कमी आवाजात बिनतक्रार चालते आणि आवाज वाढवताच बंद पडते, त्यामुळे बसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हेच वूफर एकामागे एक जोडले की ८ ओहम होतात. ताकद घटते, पण सिस्टीम टिकते. माझ्या मते टिकाऊपणासाठी थोडी ताकद सोडणे केव्हाही योग्य.

बॅटरी आणि चार्जिंग

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. इंजिन चालू, दिवे व एसी लावून १३.५ ते १४.५ अपेक्षित. नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचे (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राचे) व्होल्टेज मुद्दाम वरखाली करतो, त्यामुळे एकदाच पाहून अल्टरनेटर खराब ठरवू नये. बहुतेक ॲम्प्लिफायर १० ते साडेदहा व्होल्टच्या खाली थांबतात.

या टप्प्यावर बऱ्याचदा मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन देणारा भाग) सुचवला जातो. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना केवळ २६ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॉट ओढणाऱ्या ॲम्प्लिफायरला ती सेकंदाच्या विसाव्या भागापुरती पुरते. कमकुवत अर्थिंग, बारीक वायर किंवा थकलेली बॅटरी यांवर तो उपाय होऊ शकत नाही.

येथे थांबावे

जळका वास, धूर, फुगलेली वायर किंवा दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज दिसला की बॅटरी काढून गाडी जाणकाराकडे द्यावी. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर लावू नये आणि ते काढूही नयेत. इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबल प्राणघातक व्होल्टेजच्या असतात. त्यांच्या आसपास कोणतेही काम स्वतः करू नये. सीएनजी गाडीत डिकीतल्या टाकीत व नळीत सुमारे २०० बार दाब असतो, त्यामुळे अर्थिंगसाठी नवे छिद्र पाडायचे झाल्यास ते काम सीएनजी किटची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. अल्टरनेटर उघडणे हे ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम आहे.

ॲम्प्लिफायरचे झाकणही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये पुरवठा काढल्यानंतरही काही काळ व्होल्टेज राहते, आणि जळालेले आउटपुट ट्रान्झिस्टर बदलण्यासाठी ऑसिलोस्कोप व मर्यादित प्रवाहाचा पुरवठा लागतो. गाणे बंद असताना स्पीकरच्या दोन टर्मिनलांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला, तर वूफर लगेच सोडवून ॲम्प्लिफायर दुरुस्तीला द्यावा. तसाच चालवला तर वूफरची कॉइलही जळते.

दुरुस्तीला देताना दिव्याचा रंग, बंद पडेपर्यंतचा वेळ, अर्थिंगवर मोजलेले व्होल्टेज आणि प्रत्येक स्पीकरचे ओहम कागदावर लिहून द्यावेत. त्याने कारागिराचा वेळ वाचतो आणि अंदाजाने भाग बदलण्याची पाळी येत नाही. ॲम्प्लिफायर परत आल्यावर तो जोडण्यापूर्वी स्पीकरच्या वायरी चेसिसला लागत नाहीत ना, हे पुन्हा एकदा मोजावे, कारण ज्या शॉर्टने पहिले ट्रान्झिस्टर जाळले तो गाडीतच राहिला असेल तर नवे ट्रान्झिस्टर पहिल्याच गाण्याला जातात.